चाळीतला कांदा: खान्देशातल्या साठवणुकीचा इतिहास

चाळ म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे गिरणगाव येतं, धुळे-जळगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कांदा येतो. साक्रीकडून पिंपळनेरला जाताना किंवा चोपड्याहून अडावदकडे निघालात तर रस्त्याच्या कडेला शेतांमध्ये जमिनीपासून हात-दीड हात उंच उचललेली, बांबूच्या किंवा लोखंडी पट्ट्यांच्या जाळीची लांबट घरं दिसतात. वर पत्रे, खाली मोकळी जागा, बाजूंना फटी. माणसांसाठी असं घर कोणी बांधणार नाही. चारी बाजूंनी वारा आत येतो, आणि ते घर बांधलेलंच त्यासाठी आहे.

इतिहास म्हटलं की आपण राजे, लढाया, किल्ले यांच्याकडे जातो. थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, असीरगडचा वेढा, अकबराने १६०१ मध्ये खान्देश घेऊन शहजादा दानियालच्या नावावरून त्याचं 'दानदेश' केलं, हे सगळं मी मुलांना आवडीने शिकवतो. पण या मुलुखातल्या माणसाने पिकवलेलं अन्न उन्हाळा-पावसाळ्यातून वाचवलं कसं, हाही इतिहासच आहे. तो लिहिला गेला कमी, कारण तो बखरकारांच्या नव्हे, घरातल्या बायकांच्या आणि शेतमजुरांच्या हातात होता.

आधी धान्याचं बघू. खान्देशची जुनी ओळख कापूस, ज्वारी आणि बाजरीची. ज्वारी ठेवायला पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आतून शेणाने-मातीने लिंपलेला, तळाशी कडबा किंवा भुसा, वरून तोंड बंद करून माती. पेवात हवा जाता कामा नये. हवा नसली की कीड जगत नाही. वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, हेही म्हातारी माणसं सांगायची, कारण आतल्या कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो. घरातली कणगी, मडक्यांची उतरंड, राखेत घोळलेली डाळ, कडुनिंबाचा पाला, या सगळ्यामागे एकच विचार आहे: झाकून ठेवा, कोंडून ठेवा.

कांद्याला हा विचार लागू करून पाहा. आठ दिवसांत घरभर वास सुटेल. दाणा वाळला की जवळजवळ झोपलेला असतो, कांदा मात्र ओला जीव आहे. त्याच्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असतं, तो श्वास घेतो, उष्णता आणि वाफ बाहेर टाकतो. ढिगाच्या पोटातली ही वाफ बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कांदा स्वतःच्याच घामात सडतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याला शेकडो वर्षं 'झाक' एवढंच ठाऊक होतं, त्याला कांद्यासाठी नेमकं उलटं शिकावं लागलं. मला तरी खान्देशच्या शेतीतला हा मोठा बदल वाटतो, जरी त्याची तारीख कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

तसा कांदा आपल्याकडे नवा नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत 'पलांडु' आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने नोंदवलं की इथे कांदा-लसूण फार थोडे लोक खातात आणि खाणाऱ्याला वस्तीबाहेर राहावं लागतं. हजार वर्षांनी चित्र बदललेलं दिसतं. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याच्या पाककृती आहेत, त्यांत दोप्याज्याला १० शेर मांसाला २ शेर कांदा सांगितला आहे. उर्दूतला 'प्याज' फारसीतून आला, मराठीतला 'कांदा' संस्कृत कंदातून. आमच्या घरी अम्मी एकाच वाक्यात दोन्ही शब्द वापरायची, बाजारातून कांदे आणायचे आणि तव्यावर प्याज तळायची. मुलांना शब्दांचे प्रवास समजावताना मी हेच उदाहरण देतो.

पण खाल्ला जाणं वेगळं आणि टनांनी साठवला जाणं वेगळं. जुन्या काळी कांदा मळ्याच्या कोपऱ्यात, वाफ्या-दोन वाफ्यांत असायचा. घरापुरता कांदा पातीसकट वाळवून, पातीची वेणी घालून आढ्याला टांगला की काम झालं. अलिबागचा पांढरा कांदा आजही असाच माळेत विकला जातो. टांगलेल्या कांद्याला सगळीकडून वारा लागतो, एकावर एक भार पडत नाही, एक सडला तर तोडून टाकता येतो. दहा किलोसाठी यापेक्षा चांगली पद्धत अजून कोणी शोधलेली नाही. शंभर क्विंटलसाठी मात्र तेवढं आढं कोणाच्या घरात नसतं.

शंभर क्विंटल आले कुठून, तर पाण्यामुळे. साठवणीचा कांदा हा उन्हाळी कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लावणी, मार्चअखेर ते मे काढणी. पावसाळ्यातला लाल कांदा टिकत नाही, तो निघाला की विकायचा. उन्हाळी कांद्याला हिवाळा संपेपर्यंत पाणी हवं. खान्देशात असं पाणी पूर्वी थोड्याच ठिकाणी होतं. पांझरेच्या काठी फड पद्धत होती. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि सगळ्या गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी सोडणार, राखण जागल्या करणार. त्यात कोणाचंही पाणी कोणी तोडत नसे. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत लागलेल्या विश्वेश्वरय्यांना सुरुवातीच्या कामांपैकी एक काम मिळालं ते याच पांझरेच्या खोऱ्यात, दातर्तीला, पाटाचं पाणी नळाने पलीकडे नेण्याचं. पुढे मैसूरचे दिवाण झालेल्या या माणसाची सुरुवात आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पाटावर झाली, हे आमच्याकडच्या मुलांनाही माहीत नसतं.

फडाचं पाणी सामुदायिक होतं, पीक ठरलेलं होतं. विहीर आणि विजेची मोटर आली तेव्हा पाणी एकट्याचं झालं. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, वीज खेड्यात पोचली, गिरणा धरणाचं पाणी चाळीसगाव-भडगावकडे आलं. ज्याच्याकडे पाणी तो कांदा लावू लागला. निफाडच्या संशोधन केंद्रातून निघालेलं 'एन-२-४-१' हे वाण नाशिकबरोबर खान्देशातही पसरलं. गोल, विटकरी रंगाचा, बारीक मानेचा हा कांदा आधीच्या वाणांपेक्षा जास्त टिकायचा. एकाच महिन्यात सगळ्यांचा कांदा निघू लागला, एकाच महिन्यात बाजारात जाऊ लागला आणि भाव त्याच महिन्यात पडू लागला. चाळ ही गरज तेव्हा निर्माण झाली.

पहिल्या चाळी शेतात जे मिळेल त्याच्याच होत्या. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, बाजरीचं सरमड, उसाचं पाचट. खाली दगड मांडून वर काड्या, बाजूला पऱ्हाट्यांचा कूड, वर पाचटाचं छप्पर. ही चाळ गरीब दिसते पण वाऱ्याच्या दृष्टीने वाईट नव्हती. तिची अडचण पाऊस. जुलैच्या झडीत पाचट गळायचं आणि वरचे दोन थर भिजले की खालचे चार थर जायचे.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. कांदा मूळचा मध्य आशियाकडचा. तिकडे उन्हाळा कोरडा आणि कडक. तो उन्हाळा जमिनीत झोपून काढायचा आणि थंडी आली की कोंब फोडायचा, यासाठी त्या झाडाने गड्डा तयार केला. म्हणून कांद्याला उष्णता झोपवते आणि गारवा जागं करतो. २५ ते ३० अंशांत कांदा गाढ झोपतो. शून्याच्या आसपास बर्फगार ठेवला तरी झोपतो. मधल्या गारव्यात, दहा-पंधरा अंशांच्या आसपास, त्याला भराभर कोंब येतात. घरात फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कांदा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. थंड देशांतल्या पुस्तकांनी एकच सांगितलं होतं: थंड करा. हॉलंडमध्ये कांदा आधी गरम हवेने सुकवतात, मग हळूहळू थंड करत नेतात आणि महिनोन्‌महिने ठेवतात. तो रस्ता विजेवर चालतो. उष्ण देशांना गरम हवेतच कांदा टिकवायचा दुसरा रस्ता आहे. १९९० मध्ये लेस्ली कराह आणि प्रॉक्टर यांचं उष्ण प्रदेशातल्या कांद्यावर एक पुस्तक निघालं, त्यातही हा दुसरा रस्ता आहे. आफ्रिकेत नायजर देशातलं गलमी हे जांभळ्या कांद्यासाठी प्रसिद्ध गाव. तिथले शेतकरी गवता-काड्यांच्या झोपड्यांत कांदा ठेवतात. आमच्या पऱ्हाट्यांच्या कुडाची ही सख्खी बहीण. त्यांनी आमचं पाहिलं नाही, आम्ही त्यांचं पाहिलं नाही, दोघांनाही कांद्यानेच शिकवलं.

खान्देशात हे गणित तीन टप्प्यांत बिघडतं. पहिला टप्पा मे महिन्याचा. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, जळगाव जेमतेम २०० मीटरवर. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात कांदा सडत नाही, कोंबही येत नाही, पण तो सुकतो. साल निघते, वजन घटतं, उघड्यावर राहिला तर उन्हाने भाजतो आणि भाजलेला भाग पुढे पावसाळ्यात कुजतो. दुसरा टप्पा जून ते सप्टेंबर. हवा दमट झाली की काजळी येते, ती काळी बुरशी सालीखाली काजळासारखी पसरते. जखम झालेला, जाड मानेचा कांदा पाणी सोडतो आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. तिसरा टप्पा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. रात्री गार पडायला लागल्या की झोप उडते, कोंब दिसू लागतात. चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के घट, हा शास्त्रज्ञांचा आणि शेतकऱ्यांचा नेहमीचा अंदाज या तिन्हींची बेरीज आहे.

म्हणजे एकच उपाय तिन्ही टप्प्यांना पुरत नाही. मेमध्ये सावली हवी, पावसाळ्यात वारा हवा, दिवाळीच्या आधी माल विकून मोकळं व्हायला हवं.

चाळीचं आजचं रूप या हिशेबातून आलं. नाफेड आणि निर्यातदारांनी मिळून १९७७ मध्ये सुरू केलेलं प्रतिष्ठान, जे पुढे राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान झालं, आणि १९९४ मध्ये स्थापन होऊन १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेलेलं केंद्र सरकारचं कांदा-लसूण संशोधन केंद्र, या दोन्हींनी चाळीची मापं ठरवण्यात बरंच काम केलं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, म्हणजे वारा खालूनही शिरेल. ढिगाची रुंदी चार फुटांच्या आत, उंची पाच फुटांपर्यंत. त्याहून उंच ढीग लावला तर खालचे कांदे दबतात आणि मधली वाफ अडकते. एक पाखी चाळ उत्तर-दक्षिण बांधायची, दुपाखी पूर्व-पश्चिम. दुपाखीत मध्ये चालायला चार फुटांची वाट. दोन्ही पाखांत मिळून, चाळ ४० फूट लांब असली तर साधारण २५ टन कांदा बसतो. छपराला कौलं सगळ्यात चांगली. लोखंडी पत्रा तापतो आणि खालचा कांदा शिजल्यासारखा होतो, पण बहुतेकांकडे पत्राच असतो, कारण तो उभा करायला सोपा.

तरीही चाळ ही साठवणुकीची शेवटची पायरी आहे. कांदा टिकणार की नाही, हे बरंचसं शेतातच ठरलेलं असतं. शेवटी-शेवटी युरिया जास्त टाकला तर कांदा मोठा होतो, मान जाड राहते, आणि जाड मानेतूनच सड आत शिरते. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं असतं. वजन वाढावं म्हणून शेवटचं एक पाणी देण्याचा मोह फार मोठा असतो, आणि बाजारात लगेच विकणार असेल त्याने तो केला तर त्याचं नुकसान होत नाही, ते ज्याने साठवायला विकत घेतला त्याचं होतं. निम्म्या माना पडल्या की काढायचा. काढलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच, एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकला जाईल असा पसरायचा. मग मान एक-दीड इंच ठेवून पात कापायची. अगदी गड्ड्यालगत कापली तर जखम उघडी राहते. त्यानंतर आठ-पंधरा दिवस सावलीत. या सुकवण्यात वरची साल कागदासारखी होते आणि मान पिळून बंद होते.

मान कापण्याचं हे काम आमच्याकडे बहुतेक बायका करतात. साताऱ्या-नगरकडेही असंच असेल. एप्रिलमध्ये सातपुड्याच्या पायथ्याची तडवी कुटुंबं, इकडे पावरा आणि भिल्ल कुटुंबं, विळे घेऊन शेतोशेती बसलेली असतात. माझ्या वर्गातल्या हजेरीच्या वहीतही तो महिना दिसतो. किती बोटं मान ठेवायची, जोड कांदा कुठला, डेंगळे आलेला कुठला, चिरलेला कुठला, हे त्या पाहताच बाजूला करतात. चाळीत एकही जखमी कांदा गेला नाही तर निम्मी सड टळते असं म्हणतात, मग ती टाळणारी बाई कोण, याची नोंद कुठल्या अहवालात कशी नसते, हे मला नेहमी खटकतं. पैसे गोणीवर किंवा वाफ्यावर मिळतात, त्यामुळे सावकाश काम केलं तर तिचंच नुकसान.

विज्ञानाने आणखी एक मोठा प्रयत्न केला. लासलगावला २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' उभं राहिलं. पूर्ण नाव कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा अगदी छोटा डोस दिला की कांद्याला कोंब येत नाही. त्या वेळी वर्तमानपत्रं वाचून वाटलं होतं की आता प्रश्न मिटला. मिटला नाही, आणि कारण वर दिलेल्या तीन टप्प्यांतच आहे. किरण फक्त तिसऱ्या टप्प्यावर काम करतात. मे महिन्यात होणारी घट आणि पावसाळ्यातली काजळी त्यांनी थांबत नाही. शिवाय काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत, कांदा झोपेत असताना, तो तिथे पोचवावा लागतो. अडावदच्या शेतकऱ्याने गाडीभाडं भरून लासलगावला न्यायचा, परत आणायचा आणि मग त्याच चाळीत भरायचा, हे परवडणारं नव्हतं. हे तंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही, शीतगृहाची जोड मिळाली तर ते उपयोगीच आहे. पण शेतापासून ते लांब राहिलं.

जळगावने स्वतः मात्र वेगळं उत्तर दिलं: कांदा साठवूच नका, वाळवा. भवरलाल जैन जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. त्यांच्या उद्योगाने पपईच्या चिकापासून सुरुवात केली, पुढे ठिबक आणि नंतर कांदा निर्जलीकरण. त्यासाठी पांढरा कांदा लागतो, ज्यात पाणी कमी आणि घन भाग जास्त असतो. लाल कांद्याची भुकटी रंगाने चालत नाही. करारावर पांढरा कांदा लावणारे शेतकरी तयार झाले, काढला की थेट कारखान्यात, चाळीचा प्रश्नच नाही. वाळवलेला कांदा वर्ष-दीड वर्ष राहतो आणि परदेशी जातो. गंमत अशी की खान्देशी घरांत ही कल्पना जुनीच आहे. काळ्या मसाल्यासाठी उन्हाळ्यात कांदा चिरून गच्चीवर वाळवतातच. आमच्या घरांत बकरी ईदच्या आधी बिरिस्ता तळून डबे भरतात, तेही तेच. पाणी काढलं की कांदा टिकतो, हे कारखान्याच्या आधी स्वयंपाकघराला कळलेलं होतं.

इथे एक पंचांगातली गोष्ट. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते. हिंदू घरांत त्या दिवशी कांद्याचे पदार्थ पोटभर खातात आणि दोन दिवसांनी चातुर्मास लागला की पुष्कळ घरं कांदा सोडतात. लहानपणी शेजारच्या काकूंकडून कांदाभजीची परात आमच्याकडे यायची. हे व्रत कशासाठी, हे मी सांगायचं कारण नाही. पण एवढं दिसतं की कांदेनवमी बरोबर त्या दिवसांत येते जेव्हा पावसाची दमट हवा चाळीत शिरते. त्या वेळचा कांदा एक तर खाऊन संपवायचा किंवा त्याच्यावर रोज लक्ष ठेवायचं. मला यात शेतकऱ्याचं शहाणपण दिसतं, कोणाला न दिसलं तरी माझी हरकत नाही.

आता मूळ भांडणाकडे येतो. शेतकरी कांदा ठेवतो कारण मेमध्ये भाव नसतो. समजा त्याने १०० क्विंटल ठेवले आणि त्या दिवशी भाव १० रुपये किलो होता. सप्टेंबरपर्यंत ३५ टक्के गेले, ६५ क्विंटल उरले. मेइतकेच पैसे हातात यायला त्याला १५ रुपये ४० पैशांच्या आसपास भाव हवा. चाळीचा खर्च, निवडायची मजुरी, गाडी, हमाली, गोणी यातलं काहीच यात धरलेलं नाही. १५ मिळाले तर तो तोट्यात आहे, पण वर्तमानपत्रात मथळा येतो की कांदा दीडपट महागला.

आणि तो दोनपट-तिप्पट महागला की एक शब्द बाहेर येतो, साठेबाज. १९९८ मध्ये कांदा ५० रुपयांच्या आसपास गेला आणि दिल्लीतलं सरकार निवडणुकीत पडलं. तेव्हापासून प्रत्येक सरकार कांद्याला घाबरतं. जुलै २०१४ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कांद्यावर साठा मर्यादा आली. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टनांची मर्यादा लावली. २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरात निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ ते मे २०२४ पुन्हा बंदी. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. यातली बरीच पावलं ऑगस्ट ते डिसेंबरात पडलेली आहेत, म्हणजे नेमकी चाळ फोडण्याच्या वेळी. मर्यादा व्यापाऱ्यावर असते, शेतकऱ्यावर नाही, असं सरकार सांगतं आणि ते कागदावर खरं आहे. पण व्यापाऱ्याने खरेदी थांबवली की चाळीतला कांदा चाळीतच राहतो, आणि तो थांबत नाही, तो सडतो. दुसरीकडे त्याच सरकारने २०२३ मध्ये स्वतःसाठी ५ लाख टनांचा राखीव साठा ठरवला. साठवणं हा गुन्हा की कर्तव्य, हे कोण साठवतो यावर ठरतं, असा यातून अर्थ निघतो.

आपल्या फिकहात या प्रश्नावर फार जुनी चर्चा आहे. लोकांची अडवणूक करून भाव चढवण्यासाठी अन्न दाबून ठेवणं म्हणजे इहतिकार, आणि तो नापसंत आहे, यावर दुमत नाही. पण हनफी फकीहांनी त्यात एक फरक केला आहे. स्वतःच्या जमिनीतलं पीक स्वतःकडे ठेवणारा मुहतकिर ठरत नाही, कारण त्याने बाजारातून कोणाचा वाटा उचललेला नाही. 'हिदाया'सारख्या ग्रंथात हा फरक आहे. उर्दूत जखीरा आणि जखीराअंदोजी असे दोन शब्द आहेत, पहिला नुसता साठा, दुसरा साठेबाजी. मराठीत साठा आणि साठेबाजी. दोन्ही भाषांना जो फरक कळतो तो आपल्या बातम्यांना कळत नाही. हजरत यूसुफ यांची गोष्ट तर साठवणुकीचीच आहे. सुकाळातलं धान्य कणसातच ठेवण्याचा सल्ला त्यांनी दिला, आणि कणसातला दाणा जास्त टिकतो हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आमच्याकडचे बागवान पिढ्यानपिढ्या भाजी आणि कांद्याच्या व्यापारात आहेत, त्यामुळे 'साठेबाज' हा शब्द कधी कधी एका समाजाकडे बोट दाखवून उच्चारला जातो. त्यातले बहुसंख्य हातगाडीवाले आणि छोटे आडते आहेत. त्यांची रोजची उलाढाल काही गोण्यांची असते, आणि त्यातही गोल्टी, चोपडा, खाद असा कमी प्रतीचा माल जास्त, कारण मोहल्ल्यात तोच खपतो. खरं तर चाळीत थोडा खराब झालेला कांदा फेकला जाण्यापासून वाचवतात ते हेच. सडका भाग कापून उरलेला हॉटेलांना, खानावळींना देणारा माणूस किती टन अन्न वाचवतो, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

चाळीसाठी अनुदान आहे. फलोत्पादन अभियानाखाली बरीच वर्षं टनाला ३,५०० रुपये मिळत होते, म्हणजे २५ टनांच्या चाळीला ८७,५०० रुपये. या योजनेमुळे धुळे-जळगावात लोखंडी चाळी वाढल्या, हे श्रेय द्यायलाच हवं. पण अट सातबाऱ्याची आहे. जमीन स्वतःच्या नावावर हवी आणि उताऱ्यावर कांदा पिकाची नोंद हवी. आमच्या ओळखीतले कांदा करणारे कितीतरी लोक निम्म्या वाट्याने दुसऱ्याची जमीन कसतात. तडवी आणि भिल्ल कुटुंबांत तर वनजमिनीच्या दाव्यांचे कागद वर्षानुवर्षं फिरत असतात. त्यांच्या नावावर उतारा नाही, उतारा नाही म्हणून चाळ नाही, चाळ नाही म्हणून मेमध्ये विकावं लागतं. २०२३ मध्ये फेब्रुवारी-मार्चला विकलेल्या कांद्याला राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, तेव्हाही ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून हाच पेच पडला होता. पीक होतं, बाजार समितीची पावती होती, पण नोंद जमीनमालकाच्या नावाची.

वाट्याने करणारा चाळ बांधत नाही याचं आणखी एक साधं कारण आहे. पुढच्या वर्षी तीच जमीन त्याच्याकडे राहील याची खात्री नसते आणि लोखंडी चाळ खांद्यावर टाकून नेता येत नाही. राजगुरुनगरच्या मापांत बसणारी, पण सुटी करून बैलगाडीत घालता येईल अशी पाच टनांची चाळ कोणी केली, आणि तिचं अनुदान जमिनीऐवजी बाजार समितीच्या पावतीवर दिलं, तर सर्वांत जास्त उपयोग याच लोकांना होईल. सध्या ते पऱ्हाट्या आणि तुराट्यांवरच भागवतात. वरून जुन्या साड्या आणि ताडपत्री टाकतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मिळेल त्या भावाला माल काढून देतात.